अकराव्या तासाची मजुरी

आमच्या नगर जिल्ह्यात खेडोपाडी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. बऱ्याच जणांची थोडीफार शेती, नाहीतर दुसऱ्याच्या रानात मजुरी. त्यामुळे पवित्र शास्त्र आम्हाला फार परकं वाटत नाही. पेरणारा, निदण, मोहरीचा दाणा, खळं, द्राक्षमळा हे सगळं ओळखीचंच. रूथ बाई परक्या गावात सरवा वेचून सासूला जगवते, हे शहरातल्या मुलाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना नाही लागत. त्यांनी स्वतः सरवा वेचलेला असतो.

पण एक दाखला असा आहे, की तो उपासनेत वाचला की बाहेर पडल्यावर शेतकऱ्यांत वाद होतोच. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या धन्याचा. धनी पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो, दिवसाचा रोज ठरवतो. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला पुन्हा जाऊन आणखी माणसं आणतो. संध्याकाळी शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू होतं आणि सगळ्यांना सारखाच रोज मिळतो. पहाटेपासून ऊन सोसलेले कुरकुर करतात.

त्या काळी दिवस उगवल्यापासून तास मोजत. तेव्हा अकरावा तास म्हणजे आपले सकाळचे अकरा नव्हेत, संध्याकाळचे पाच. दिवस मावळायला एक तास उरलेला. हे कळलं नाही तर गोष्टीतली धार जाते. अकराला आलेल्या गड्याला पूर्ण रोज एखादा देईलही. पाचला आलेल्याला कोण देतो?

वाद घालणारे म्हणतात, असा धनी चार दिवसांत बुडेल. उद्या सकाळी कोण येईल कामाला? सगळेच पाचला येतील. मजूर लावणाऱ्याला हा प्रश्न पडणारच, आणि तो खोटा नाही. पाळक समजावतात, की ही गोष्ट स्वर्गाच्या राज्याची आहे. आधीच्या अध्यायाच्या शेवटी पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? त्याला हे उत्तर आहे. जन्मभर भक्ती करणारा आणि मरणाच्या दारात देवाकडे वळलेला, दोघांनाही दया सारखीच. हा अर्थ बरोबर आहे, मी मानतो. पण स्वर्गाची गोष्ट सांगायला प्रभूने मजुरीचाच हिशेब का घ्यावा? तेव्हा त्या हिशेबाकडेही नीट बघायला पाहिजे.

पाचपर्यंत चौकात उभे राहिलेले ते कोण होते? धनी विचारतो, तेव्हा ते सांगतात की आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. ते आळशी होते असं शास्त्र म्हणत नाही. आता आमच्याकडे कांदा लागवड उक्ती जाते. टोळी एकराचा भाव ठरवते आणि हात चालणाऱ्या बाया घेते. साठी उलटलेली, गुडघे धरलेली, तान्हं पोर कडेवर असलेली मागे राहते. तिचं नाव कुणीच घेत नाही. घरी चूल मात्र तिचीही पेटायची असते, आणि दुकानदार तिला पीठ काही अर्ध्या भावात देत नाही. दिवसाचा रोज म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. धनी कामाचे तास मोजत नव्हता, भाकरी मोजत होता.

आणखी एक गोष्ट. मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आज्ञा आहे, की मजुराचे पैसे रात्रभर अडकवून ठेवू नयेत, दिवस मावळायच्या आत द्यावेत, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. गोष्टीतला धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला वाटप करायला सांगतो. म्हणजे आधी त्याने नियम पाळला, मग दया केली. पहाटेच्या मजुरांना ठरल्यापेक्षा एक पैसा कमी दिला नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत मजुरी थकवायची आणि नाताळला साड्या वाटायच्या, ही दया त्या धन्याची नव्हे.

धनी म्हणतो, माझ्या पैशाचं मी मला वाटेल तसं करू नये का? हे वाक्य पुढे करून कमी रोज देणारेही मी ऐकले आहेत. पण गोष्टीत त्याने ही मोकळीक जास्त देण्यासाठी वापरली, कमी देण्यासाठी नाही. आमच्याकडे खुरपणीला बाईचा रोज गड्याहून कमी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. शास्त्र तर कितीतरी जुनं. दोन्ही बांधापर्यंत पोचायला अवघडच. आमच्या रानात सारख्या कामाला बाई-गड्याचा रोज एकच आहे. त्यावरून शेजारी म्हणतात, तुम्ही गावाचा भाव बिघडवता. ज्या साली कांदा मातीमोल जातो, त्या साली माझ्याही पोटात गोळा येतो. तरी पहाटेच्या मजुरांची ती कुरकुर शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकली, की वाटतं, दाखला अजून चालू आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, शेवटपर्यंत हेच काम चालू होतं. साध्या बायाबापड्यांना ते वाचता यावं, हीच तळमळ. वाचता येणं ही पहिली पायरी. शब्दाचा अर्थ कळणं दुसरी. तिसरी पायरी संध्याकाळी, पैसे मोजताना येते. ती दुसरा कुणी आपल्यासाठी चढू शकत नाही.

पहाटेचे मजूर पुढे काय करतात, हे प्रभूने सांगितलेलं नाही. समजून घरी गेले, का रागावून गेले, का दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. धन्याचा प्रश्न तिथेच ठेवला आहे: मी चांगला वागलो, म्हणून तुझ्या डोळ्यांत का खुपावं? ठरलेला रोज त्यांच्या हातात होता. पहाटे तो मिळणार म्हणून ते खूशच होते. दुसऱ्याची मूठ पाहिली आणि तो कमी वाटायला लागला.