थंडीतली हिरवळ

पौषातल्या थंडीत पुण्या-नाशिकच्या अंगणांतली हिरवळ पिवळट पडू लागते आणि घरोघर घाई सुटते: युरिया टाका, संध्याकाळी पाइप सोडा! दोन्ही नको. आपल्याकडच्या कितीतरी लॉनमध्ये हरळीच्याच जाती असतात. ही गवतं उन्हाळी प्रकृतीची. पारा १० अंशांकडे उतरू लागला की त्यांची वाढ जवळजवळ थांबते. पातं फिकं होतं, पण जमिनीलगतची खोडं आणि मुळं साठवलेल्या अन्नावर जिवंत असतात. अशा वेळी नत्र देऊन काढलेली कोवळी पालवी पहिल्याच कडाक्यात करपते.

माणूस जरा मंदावला तरी आपण त्याला सल्ले, ताकीद, औषधं देत सुटतो. त्याचं थांबणं आपल्याला सोसत नाही. मला वाटतं, निदान हरळीला तरी ही मोकळीक द्यावी.

पाणी द्यावं, पण माती बोटभर खोल कोरडी लागेल तेव्हाच, आणि ऊन आल्यावर. संध्याकाळच्या पाण्यात रात्रीच्या दवाची भर पडली की बुरशीला रान मोकळं. कापणी कमी, थोडी उंच. वाळकी पानं मात्र उचलत राहावीत.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधी कधी दव गोठतं. अशा सकाळी गवतावर पाऊलही टाकू नये. गोठलेल्या पेशी वजनाने फुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे कित्येक दिवस राहतात.

खताची वेळ येते रात्री उबदार झाल्यावर, साधारण फेब्रुवारीअखेर. तेव्हा चाळलेल्या, कुजलेल्या शेणखताचा पातळ थर पुरतो.