मंदिरात सापडलेला मुलगा आणि घरी शिकणारी मुलगी

आजचे वाचन : लूक २:४१-५१
पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयाचा स्मरणदिन

वल्हांडणाचा सण आटोपून योसेफ आणि मरिया यरुशलेमहून परत निघतात. बारा वर्षांचा येशू मागेच राहतो आणि त्यांना दिवसभर पत्ता नसतो. पूर्वी मला याचं नवल वाटायचं. सणसरला राहायला आल्यापासून वाटत नाही. तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीवरून आमच्याकडे मुक्कामाला येते तेव्हा रस्ता माणसांनी भरून जातो. पोरगं पुढच्या दिंडीत मावशीबरोबर असेल, असं समजून माणूस निर्धास्त चालत राहतो.

काल आमची लेक हरवली. फार नाही, वीसेक मिनिटं.

ती सहा वर्षांची आहे. मी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि गेलं वर्षभर आम्ही तिला घरीच शिकवतोय. सकाळी प्रार्थना, बायबलमधली गोष्ट, मग वाचन, पाढे, संध्याकाळी उसाच्या कडेनं फेरी. काल ती सापडली शाळेच्या व्हरांड्यात. तिथं एक दिंडी उतरली होती. बायकांच्या मध्ये बसून ती एका आजींकडून टाळ कसा धरायचा ते शिकत होती.

"कितवीला आहेस गं माऊली?" आजींनी विचारलं.

"मी घरीच शिकते."

"मग इथं काय करतीयस?"

"विचारतीय."

मी तिच्यावर ओरडलो. बायको म्हणाली, "अहो, सापडली ना? आता ओरडू नका." रात्री झोप लागेना. पोर सापडल्यावरही माझा राग का गेला नव्हता?

लोकांनी विचारलं की मी सांगतो, शाळेत घोकंपट्टी असते, घरी मूल आपल्या गतीनं शिकतं. ते खोटं नाही. पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या वस्तीवर आमचं एकच कॅथलिक घर. वर्गात ती एकटी पडली तर? चारचौघांत क्रूसाची खूण करायची तिला लाज वाटू लागली तर? मला भीती वाटते, आणि त्या भीतीला मी श्रद्धा म्हणत आलो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावर घोषणापत्र काढलं. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असं त्यात म्हटलंय. हे मी सगळ्यांना ऐकवायचो. त्याच घोषणापत्रात पुढे असंही आहे, की या कामात कुटुंबाला सगळ्या समाजाची मदत लागते. तेवढं मी सोडून द्यायचो.

ऑफिसात स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करता येत नाही, दुसऱ्यानं तो वाचावा लागतो. कारण आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. घरी मात्र शिकवणारे आम्ही, परीक्षा घेणारे आम्ही आणि शाबासकी देणारेही आम्हीच. त्यातही खरं सांगायचं तर शिकवते बायको. मी कॉलवर असतो. निर्णय माझा आणि कष्ट तिचे, याचाही मला हिशेब द्यावा लागेल.

पालखी ज्या यवत-वरवंडच्या वाटेनं येते, तिच्या जवळच केडगाव आहे. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण आज त्यांची आठवण येते. त्या शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुढे १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला. आईजवळ शिकलेली ही मुलगी, जिला घर उरलं नाही अशांसाठी शाळा काढते. लक्ष्मीबाईंनी तिला स्वतःजवळ ठेवण्यासाठी शिकवलं असतं, तर हे झालं असतं का?

आजच्या उताऱ्यात येशू गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आणि प्रश्न विचारतो. ते ऐकणं तो नाझरेथच्या घरात शिकला असणार. नंतर तो आईवडिलांबरोबर घरी परत जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो. त्याला घरही हवं होतं आणि मंदिरही. मरियेला त्याचं उत्तर कळलं नाही. तिनं त्याला बांधून ठेवलं नाही, सगळं मनात जपून ठेवलं.

सोमवारी आम्ही लेकीचं नाव गावच्या शाळेत घालणार आहोत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं आईवडिलांचं कर्तव्य मानलंय, तेही आहेच. पण घरचा अभ्यास बंद होणार नाही. सकाळची प्रार्थना तीच राहील, आणि संध्याकाळचा तास आता मी घेणार, लॅपटॉप मिटून.

घरी शिकवणाऱ्या कुणालाही मी चूक ठरवत नाही. कुणाचं मूल आजारी असतं, कुणाला शाळा लांब पडते, कुणी खूप विचार करून हा मार्ग धरतं. प्रत्येकानं स्वतःला एवढंच विचारावं : मी दार लावतोय ते प्रेमानं, की भीतीनं?

प्रार्थना : हे प्रभू, तू दिलेलं लेकरू तुझंच आहे, हे मला विसरू देऊ नकोस. ते माझ्या नजरेआड असेल तेव्हा तुझ्या नजरेत असू दे. आमेन.