ओळखीचा शब्द

इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. या धर्मोपदेशकाने ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत सांगितले, स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले. ज्या नवख्रिस्ती श्रोत्यांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या कानांस परिचित असलेला छंद त्याने आधी स्वतः आत्मसात केला. अर्थात साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, हे आम्ही विसरत नाही. सत्तेच्या छायेतील मृदू शब्द निखळ करुणेचा मानावा काय? आमचे मन येथे अडखळते. तथापि, ऐकणाऱ्याची भाषा शिकण्याचे ते श्रम खोटे वाटत नाहीत.

कारण खुर्चीवरून आम्हीही बोललो आहोत, तेही श्रमांवाचून. एक विधवा बाई कुटुंब निवृत्तिवेतनासाठी चौथ्यांदा कचेरीत आल्या होत्या. ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे,’ आम्ही म्हणालो. उद्धट शब्द एकही नव्हता. बाईंनी विचारले, ‘म्हणजे काय हो, साहेब?’ शेजारचे कारकून हसले. आम्हीही किंचित हसलो. बाई पदर सावरीत निघून गेल्या. एक दाखला कमी होता. तो कोणता आणि कोठे मिळेल, हे सांगावयास दोन वाक्ये पुरली असती.