भोकात तार घालू नका

बालाघाट जिल्ह्यातलं बिरसा. इकडे खेड्यापाड्यांत जुन्या मोटरसायकली अजून रोज राबतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं, बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. जुन्यांत कार्ब्युरेटर आहे तिथेच आहे.

गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते ओल धरतं. पावसाळ्यात त्रास वाढतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते तुंबलं की घाईत तार घातली जाते. जेटचं पितळ मऊ, भोक मोठं होतं, आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. हा शहाणपणा महागात पडतो! पेट्रोलने धुवा, हवेचा झोत मारा, बस.

कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग तर कानाचं काम. इंजिन गरम करायचं, एअर स्क्रू हळूहळू फिरवायचा, आवाज जिथे सर्वांत चढा आणि एकसारखा लागतो तिथे थांबायचं; मग आयडल खाली आणायचं. आजूबाजूला गप्पा चालू असतील तर जमत नाही. खात्री स्पार्क प्लग देतो: काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर.

गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल, तर आजच पेट्रोलचा कॉक बंद करा आणि चेंबर रिकामा करा.