घर कोणाचं, हिशेब कोणाचा?

बेंगळुरूत तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, तीन-चार मजले चढवायचे, तळाशी स्वतः राहायचं आणि वरची घरं भाड्याने द्यायची, हा मध्यमवर्गाचा जुना आधार. गेटवर ‘टु-लेट’ची पाटी आणि कपाटात एक वही, एवढ्यावर कारभार चाले. आता तो मोबाइलवर आला आहे. घरांची नोंद, भाडेकरूचं आधार कार्ड, अकरा महिन्यांचा करार, ॲडव्हान्स म्हणजे अनामत रक्कम, थकबाकी असं सगळं एका जागी दिसतं. २०१४ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या ‘नोब्रोकर’सारख्या कंपन्यांनी मधला दलालही वगळला.

घर नोंदवताना मात्र काही रकाने असे येतात की व्यवहार संपून धर्माचा प्रश्न सुरू होतो. कुटुंब हवं की बॅचलर? मांसाहार चालेल का?

पूर्वी नकार समोर उभ्या माणसाला द्यावा लागे. त्याचं आडनाव ऐकून कपाळावर पडलेली आठी त्याला दिसे. त्याने कारण विचारलं तर काहीतरी सांगावं लागे. आता ‘नाही’वर बोट टेकवलं की तो माणूस दारापर्यंत येतच नाही. आपण कोणाला तरी नाकारलं, हे मालकाच्या ध्यानीमनीही नसतं. तरी कर्म त्याचंच आहे. सॉफ्टवेअरने फक्त विचारलं, उत्तर त्याने दिलं.

कायदा इथे फारसा आड येत नाही. राज्यघटनेच्या १५व्या कलमातली भेदभावाची मनाई शासनाला आणि दुकानं, हॉटेलं, विहिरी अशा सार्वजनिक जागांना लागू आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतं राखलं, तेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकाला स्वयंपाकाच्या वासाची अडचण खरीच वाटू शकते. पण रिकाम्या राहणाऱ्या, स्वतंत्र दाराच्या फ्लॅटलाही मांसाहारबंदीची तीच अट लागते, तेव्हा मालकी म्हणजे नेमकं काय, हे विचारावंच लागतं.

ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र म्हणतो की हे सारं ईश्वराने व्यापलं आहे. म्हणून त्यागून भोगावं, दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये. १९३७ मध्ये त्रावणकोरच्या दौऱ्यात गांधीजींनी हिंदू धर्माचं सार याच मंत्रात असल्याचं सांगितलं. धनवानाने स्वतःला संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त मानावं, ही त्यांची कल्पना त्याच्याशी जुळणारी आहे. विनोबांनी या उपनिषदावर ‘ईशावास्यवृत्ती’ लिहिली आणि १९५१ पासून ते भूदान मागत जमीनदारांच्या दारी गेले.

घरमालकाकडे कोणी मजला दान मागत नाही. पण त्या मंत्राची कसोटी ॲडव्हान्सपाशी थेट लागते. बेंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम घेण्याची जुनी रीत आहे. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा सुचवतो. हा पैसा भाडेकरूचा, मालकाकडे फक्त ठेवलेला. तरी घर सोडताना रंगकामापोटी महिन्याचं भाडं सर्रास कापलं जातं, भिंती स्वच्छ असल्या तरी. दुसऱ्याचं धन म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

भाडं थकलं की सॉफ्टवेअर भाडेकरूला आठवण पाठवतं. ॲडव्हान्स परत करायची तारीख उलटल्यावर तशीच आठवण मालकालाही जावी. कापलेल्या प्रत्येक रुपयापुढे पावती जोडावी लागावी. आणि मांसाहाराच्या रकान्यात ‘नाही’ निवडणाऱ्याला कारण लिहावं लागावं, घर शोधणाऱ्याला ते मालकाच्या नावासकट वाचता यावं.