कोणाच्या दारीं?

मागील महिन्यांत आमच्या नातवासाठीं बाजारांतून एक परदेशी खेळणें आणलें. त्याची किंमत इतकी अल्प कीं, घरांत सर्वांस कौतुक वाटलें. आम्हांस मात्र प्रश्न पडला कीं, इतका समुद्र ओलांडून आलेल्या या वस्तूचें उरलेलें मोल कोणी दिलें असेल?

जगाच्या व्यापारांतील चार-पंचमांशांहून अधिक माल, वजनानें पाहतां, जहाजांनींच जातो. १९५६ सालीं कंटेनरची लोखंडी पेटी प्रचारांत आली आणि चढउताराचा खर्च झपाट्यानें उतरला. ही स्वस्ताई मानवी बुद्धीची कमाई खरी. परंतु तिचा कांहीं अंश उधारीचा आहे.

जहाजाच्या धुराचेंच पहा. इंधनांतील गंधकाचें प्रमाण शेंकडा साडेतीनवरून अर्ध्यावर आणावें, असा आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. नियम स्तुत्य आहे. पण धूर धुऊन काढणारें यंत्र बसविणारास जुनें इंधन वापरण्याची मुभा राहिली, आणि अशीं पुष्कळशीं यंत्रें तें धुवण समुद्रांतच सोडतात. हवेंतला मळ पाण्यांत गेला! बंदरांत उभ्या जहाजास किनाऱ्यावरून वीज दिली, तर त्याचीं यंत्रें थांबतात व धक्क्यावरील मजूर मोकळा श्वास घेतो. मात्र ती वीज कोळशाची असेल, तर दुसऱ्याच एखाद्या गांवावर धूर चढतो. आपलें अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारीं लोटणाऱ्या गृहिणीस आपण स्वच्छ म्हणत नाहीं. हाच न्याय बंदरांस कां लावूं नये? हानि घटली कीं नुसती हलली, हें आधीं विचारलें पाहिजे.

प्रश्न येथेंच संपता तर सोपा होता. डहाणू तालुक्यांतील वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. तेथें समुद्र खोल असल्यानें अतिविशाल जहाजें लागूं शकतील, आणि भरलेल्या मोठ्या जहाजास दर टन मालामागें इंधन कमी लागतें. म्हणजे जगाच्या हवेचें येथें कांहीं हितच आहे. पण हाच तालुका १९९१ सालीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून सरकारनेंच जाहीर केला होता. आणि भराव पडणार तो कोळ्यांच्या मासेमारीच्या पाण्यांत. एकाच कृत्यांत एकाचें हित व दुसऱ्याची हानि अशीं गुंतलेलीं आहेत.

येथें बेंथॅमचें अनुयायी बेरीज मांडतील: पुष्कळांचें सुख अधिक, थोड्यांचें दुःख उणें, बाकी शिल्लक राहते, तेव्हां कृत्य योग्य. परंतु सुख ज्याच्या पदरीं पडलें तो एक आणि दुःख भोगणारा दुसराच, हें त्या बेरजेंत दिसत नाहीं. आपल्या रायगड जिल्ह्यानें हें अनुभवलें आहे. नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींचा योग्य मोबदला मिळावा म्हणून उरण भागांतील शेतकरी जानेवारी १९८४ मध्यें उठले. गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व मान्य झालें. जो वाटा आधीं विचारून द्यावयाचा, तो प्राण घेऊन द्यावा लागला.

कोणी म्हणेल, 'मग बंदरें बांधूंच नयेत काय?' आमचें म्हणणें तसें नाहीं. त्या मालावांचून आमचेंहि घर चालत नाहीं. पण शतपथ ब्राह्मणांत देव, ऋषि व पितर यांच्या जोडीस मनुष्यांचेंहि ऋण सांगितलें आहे. ऋण मानणारा मनुष्य धनको कोण हें विचारतो, त्याची संमति घेतो, आणि फेड स्वतःच्या पदरची करितो. दान केल्याचा आव आणीत नाहीं. माल दोन पैशांनीं महाग होऊन ही फेड होत असेल, तर तें महागणें म्हणजे खरी किंमत प्रथमच उघड होणें होय.

तें खेळणें आठ दिवसांत मोडलें. 'आजोबा, हें कुठें टाकूं?' असें नातवानें विचारलें, तेव्हां आम्हांस चटकन् उत्तर देतां आलें नाहीं.