आप्तवाक्याचा व्यापार

व्यापारांत वर्णन आणि वस्तु यांच्यामध्यें थोडें अंतर असावयाचेंच, हें जगानें पूर्वीपासून मान्य केलेलें आहे. आपला माल मध्यम प्रतीचा आहे असें सांगणारा दुकानदार कोणीं पाहिला आहे काय? गिऱ्हाईकही तें जाणून असतें, आणि विक्रेत्याच्या स्तुतींतून रुपयामागें चार आणे मनांतल्या मनांत वजा करूनच खिशाला हात घालतें. ही वजाबाकी हेंच बाजारांतील दुबळ्याचें संरक्षण होय. परंतु स्तुति करणारी व्यक्ति दुकानदार नसून आपली मावशी, नणंद किंवा बालपणची मैत्रीण असेल, तर ही वजाबाकी कोण करील? सौंदर्यप्रसाधनें विकणाऱ्या बहुस्तरीय कंपन्यांचें बाह्य स्वरूप आणि त्यांचें अंतरंग यांचा विचार करतांना आम्हांस हाच प्रश्न मुख्य वाटतो. त्यांचें क्रीम कसें आहे हा प्रश्न गौण आहे. त्या विकतात तरी काय, हा खरा प्रश्न आहे.

या व्यवसायाचा उगम निर्दोष आहे, हें प्रथम सांगणें न्यायाचें होईल. १८८६ मध्यें अमेरिकेंत डेव्हिड मॅक्कॉनेल या पुस्तकें विकणाऱ्या गृहस्थानें सुगंधी द्रव्यांची कंपनी काढली. तीच पुढें एव्हॉन या नांवानें प्रसिद्ध झाली. मिसेस आल्बी नांवाच्या बाईंनीं तिच्यासाठीं घरोघर जाऊन विक्री केली. त्या काळीं स्त्रियांना स्वतःच्या कमाईचे मार्ग फार थोडे होते, आणि विकलेल्या मालावर कमिशन मिळविण्यांत गैर असें कांहीं नव्हतें. निराळें वळण लागलें तें १९४५ च्या सुमारास. न्यूट्रिलाइट या नांवाचीं जीवनसत्त्वें विकण्याच्या पद्धतींत अशी तरतूद झाली कीं, विक्रेत्यास स्वतःच्या विक्रीवर तर कमिशन मिळावेंच, पण त्यानें जे दुसरे विक्रेते भरती केले त्यांच्या विक्रीवरही मिळावें. याच पद्धतींत तयार झालेल्या व्हॅन अँडेल व डीव्हॉस या दोघांनीं १९५९ मध्यें ॲमवे स्थापिली. आपल्या देशांत स्वीडनची ओरिफ्लेम १९९५ मध्यें आली, ॲमवेचा व्यवहार १९९८ मध्यें सुरू झाला, आणि देशी कंपन्याही त्याच वाटेनें निघाल्या.

या कंपन्यांचें सार्वजनिक चित्र मोठें मनोहर असतें. गुळगुळीत पुस्तिकांतून हंसऱ्या स्त्रिया दिसतात. मेळाव्यांत व्यासपीठावर कोणाचा तरी सत्कार चाललेला असतो. परदेशच्या सहलींचीं छायाचित्रें हातोहात फिरतात. अमेरिकेंतील मेरी के कंपनीनें १९६९ पासून आपल्या उत्तम विक्रेत्या बायांना गुलाबी कॅडिलॅक मोटार देण्याची चाल पाडली, ती या देखाव्याची पराकाष्ठा समजावी. त्या सर्वांतून सांगणें एकच असतें. तुम्ही कोणाच्या नोकर नाहीं, मालक आहां. घर सांभाळून स्वतःच्या पायांवर उभ्या राहा. पदवी घेऊन घरीं बसलेल्या स्त्रीच्या कानांना हें वाक्य किती गोड लागत असेल, याची कल्पना कोणासही करतां येईल.

तथापि हें चित्र मोठ्या शहरांतून न पाहतां एखाद्या बाजारगांवांतून पाहावें, म्हणजे त्याचा अर्थ नीट कळतो. नेवासें तालुक्यांतील घोडेगांव घ्या. अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील हें गांव कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. शेतकरी कांदा घेऊन येतो. व्यापारी तो हातांत घेऊन पाहतात. लिलाव चारचौघांदेखत होतो. हमाली-तोलाईचा हिशेब होऊन पट्टी हातांत पडते. भाव कोसळला तर शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतें. हा बाजार दयाळू आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु त्या पट्टींत एक गुण आहे. आपण काय आणलें, काय गेलें आणि हातीं काय उरलें, हें ती लपवीत नाहीं.

आतां अशाच गांवांतील एक सुशिक्षित सून कल्पावी. तिची एखादी मैत्रीण तिला ‘प्लॅन’ दाखविते. ती सभासद होते, पहिला माल स्वतःच्या पैशानें घेते, आणि आपली पायरी टिकावी म्हणून पुढेंही महिन्याच्या महिन्याला ठराविक रकमेचा माल घेत राहते. त्यांतला कांहीं नणंदा-जावांच्या गळ्यांत जातो. बाकीचा कपाटांत राहतो. कमिशन जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर येतो, तो ती चारचौघींना दाखविते. परंतु कपाटांतल्या बाटल्या, मेळाव्याला जाण्याचें बसभाडें, तेथील प्रवेशाचे पैसे आणि फुकट गेलेल्या दुपारी यांची वजाबाकी कोणी मांडीत नाहीं. तिच्या व्यवहाराची पट्टीच होत नाहीं. तिचा माल खपो वा न खपो, कंपनीची विक्री आधींच झालेली असते. कारण कंपनीचें पहिलें गिऱ्हाईक ती स्वतःच असते. जिला मालकीण म्हणून गौरविलें ती वस्तुतः ग्राहक, आणि तीही अशी ग्राहक कीं जिला भाव करण्याची सोय नाहीं.

पुढें गणिताचा भाग येतो. प्रत्येकीनें सहा जणी जोडाव्या असें धरूं. पहिल्या पायरीवर ६, दुसरीवर ३६, मग २१६, मग १,२९६ आणि पांचवीवर ७,७७६. पांच पायऱ्यांची बेरीज ९,३३० होते. एवढ्यांत चांगलें मोठें गांवही संपतें. नवव्या पायरीला एक कोटीहून अधिक माणसें लागतात, आणि २०११ च्या खानेसुमारींत सबंध नगर जिल्ह्याची वस्ती ४५ लाखांच्या आसपास होती. तेरावीला १,३०६ कोटी लागतात. पृथ्वीवर आज माणसें आहेत तीं सुमारें ८०० कोटी. प्रत्यक्षांत सांखळी इतकी सरळ वाढत नाहीं, हें खरें. पण ती कोठेंही थांबली तरी दर सहांतील सुमारें पांच जणी शेवटच्या पायरीवरच सांपडावयाच्या, आणि त्यांच्याखालीं कोणीही नसावयाचें. हें त्यांच्या आळसाचें फळ नव्हे. तें त्या रचनेचेंच फळ आहे. मेळाव्यांतून मात्र अपयशाचें कारण एकच सांगतात: ज्या मागें राहिल्या त्या कष्टांत कमी पडल्या. या व्यवहारांतील सर्वांत निष्ठुर असत्य आमच्या मतें हेंच होय. कारण तें पैसा घेऊन थांबत नाहीं, तर पैसा गेल्याची लाजही तिच्याच पदरांत बांधून देतें. म्हणून तक्रार फारशी ऐकूं येत नाहीं, आणि चित्र उजळच राहतें.

कायद्यानें या प्रश्नाचा माग कसा घेतला तेंही पाहण्यासारखें आहे. नवे सभासद भरती होण्यावर ज्यांतील प्राप्ति अवलंबून असते अशा योजनांस आपल्याकडे १९७८ च्या कायद्यानें बंदी केली. २००७ मध्यें आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानें ॲमवेची योजना या कायद्याच्या व्याख्येंत येते असें मत दिलें. उलट अमेरिकेंत १९७९ मध्यें फेडरल ट्रेड कमिशननें त्याच कंपनीची योजना बेकायदा पिरॅमिड नव्हे असा निर्णय दिला. मात्र कमाईचीं फुगविलेलीं वर्णनें करण्यास तिला मनाई केली. २०२१ च्या अखेरीस आपल्या केंद्र सरकारनें थेट विक्रीचे नियम केले, आणि त्यांत पिरॅमिडच्या योजनांस बंदी घातली. २०२२ मध्यें सक्तवसुली संचालनालयानें ॲमवे इंडियाच्या ७५७ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टांच आणली; अर्थात् हा तपासयंत्रणेचा पक्ष होय, न्यायालयाचा निर्णय नव्हे. एकंदरींत माल विकून मिळालेला पैसा शुद्ध आणि माणसें भरून मिळालेला अशुद्ध, अशी रेघ कायद्यानें ओढलेली आहे. रेघ योग्यच आहे. परंतु भरती झालेलें माणूस हेंच जेथें मालाचें मुख्य गिऱ्हाईक, तेथें ती पाण्यावर ओढल्यासारखी होते. तात्पर्य, कायदेशीर काय हें ठरल्यानंतरही योग्य काय हा प्रश्न उरतोच.

यावर एक सयुक्तिक आक्षेप येईल. ओळखीवांचून व्यापार चालतो कोठें? कासार घरीं येऊन बांगड्या भरतो. विम्याचा एजंट पहिली पॉलिसी मेहुण्यालाच देतो. मग या बायांनींच काय पाप केलें? आमचें उत्तर असें कीं, कासार बांगड्या भरून निघून जातो. तो गिऱ्हाइकाला कासार करीत नाहीं. एजंटाचा मेहुणा विमेदारच राहतो. येथें मात्र ग्राहकाला विक्रेता केल्याखेरीज वरची पायरी मिळत नाहीं. म्हणजे जिच्याशीं आपण बोलत आहों तिच्याकडून माल घेववून भागत नाहीं, तिची नातींगोतींही व्यवहारांत ओढावीं लागतात. दुसरा आक्षेप स्त्रियांच्या स्वावलंबनाचा. त्याला एक उदाहरण पुरे आहे. ज्या १९५९ सालीं ॲमवे निघाली, त्याच सालीं मुंबईस गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला; तीच आजची लिज्जत संस्था. तेथेंही घर सांभाळून काम आहे, तेथेंही मालकीची भाषा आहे. पण तेथील बहिणीला मोबदला मिळतो तो लाटलेल्या पापडाचा. नवी बहीण आणली म्हणून जुनीची पायरी चढत नाहीं. तो पापड कोणीही अनोळखी माणूस विकत घेतो, कारण त्याला पापड हवा असतो. हीच कसोटी आम्ही सुचवितों. ज्याला विक्रेतीशीं नातें नाहीं आणि पुढील कमाईची आशाही नाहीं, असा माणूस तो माल त्या भावानें घेईल काय? घेईल, तर तो व्यापार आहे. न घेईल, तर मालाच्या निमित्तानें दुसरेंच कांहीं विकलें जात आहे.

तें दुसरें काय, हें आमच्या भाषेंतील एकच शब्द सांगूं शकतो. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्द हें चौथें प्रमाण मानलें, आणि तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. आप्त कोण? ज्यानें वस्तु स्वतः जाणलेली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगूं इच्छितो, तो. भाष्यकार वात्स्यायनानें हा मान ऋषीला व म्लेच्छाला सारखाच दिला. आप्तपणा कुळांत नाहीं, खरेपणांत आहे. मराठींत मात्र आप्त म्हणजे नातलग. हे दोन अर्थ एका शब्दांत नांदतात, त्याचें कारण आमच्या मतें असें कीं, आपलें माणूस आपणांस खरें सांगेल, या विश्वासावरच घर उभें असतें. कंपनी नेमका हाच सांधा धरते. आलेली मावशी नात्यानें आप्त खरी. पण क्रीमचा गुण प्रत्ययास येण्यापूर्वींच तिला वाक्यें पढविलेलीं असतात, आणि तीं बोलण्यांत तिचा लाभ गुंतलेला असतो. दोन्ही अटी मोडल्या, तरी तिच्या शब्दाचें मोल आपण पूर्वींच्याच भावानें देतों. त्यांतून माल असा कीं ज्याला माप नाहीं. कांदा काट्यावर चढतो. चेहऱ्यावरचा तजेला कोणत्या काट्यावर चढवावा? आणि ‘बघ, माझा रंग किती उजळला’ असें ती म्हणत असतां ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य कोणाच्या अंगीं आहे?

घोडेगांवाहून थोड्याच अंतरावर शनिशिंगणापूर आहे. घरांना दारें नाहींत ही त्या गांवाची ख्याति. २०११ मध्यें एका बँकेनें तेथें बिनकुलपाची शाखाही उघडली. देवाच्या धाकानें म्हणा वा गांवच्या अभिमानानें म्हणा, तेथें उघडें घर ही भूषणाची गोष्ट ठरली. आप्तांचीं मनें हीं अशींच बिनदाराचीं घरें होत. तेथें कोणीं हात मारला, तर गेलेल्या ऐवजापेक्षां मोठी हानि निराळीच होते: सारें गांव दारें बसवूं लागतें. चुलतबहिणीचा पुष्कळ दिवसांनीं फोन यावा, आणि आनंद होण्याऐवजीं ‘प्लॅन तर नसेल?’ अशी शंका यावी, ही ती हानि. ती कोणत्याही पट्टींत येत नाहीं, आणि कोणतेंही न्यायालय ती भरून देऊं शकत नाहीं.

मग दोष कोणाचा? ती सून जाणूनबुजून खोटें बोलत नाहीं. तिचा खरोखरच विश्वास असतो. येथें इंग्लिश तत्त्ववेत्ता क्लिफर्ड यानें १८७७ मध्यें मांडलेला दृष्टांत उपयोगी पडतो. एका जहाजाच्या मालकानें आपल्या जुन्या जहाजाविषयींच्या शंका मनांतल्या मनांत दाबल्या, तें सुखरूप जाईल अशी मनाची खात्री करून घेतली, आणि उतारू समुद्रांत बुडाले. क्लिफर्डच्या मतें त्याचा विश्वास खरा असला तरी तो दोषीच. कारण असा विश्वास धरण्याचा त्याला अधिकार नव्हता. प्रामाणिकपणा म्हणजे केवळ मनांत आहे तें बोलणें नव्हे. जें बोलावयाचें तें तपासून पाहणें हाही त्याचाच भाग आहे. म्हणून त्या सुनेकडे कांहीं दोष येतोच. पण ज्यांच्या हातीं सर्व आंकडे आहेत आणि जे तरीही गुलाबी मोटारीचेंच चित्र दाखवितात, त्यांचा दोष पुष्कळच मोठा आहे. आणि ज्या कुटुंबानें तिला पदवीपर्यंत शिकवून तिच्या हातीं तिच्या मर्जीनें खर्चावयास एक रुपयाही ठेविला नाहीं, त्यालाही या हिशेबांतून सुटतां यावयाचें नाहीं. तिची भूक खरी आहे. तिला मिळालेलें अन्न तेवढें खोटें आहे.

तेव्हां अशी कोणी आप्त दारांत आली तर तिला हंसूं नये, आणि भिडेखातर मालही घेऊं नये. हा सारा व्यवहार भिडेवरच चालतो, आणि भिडेनें घेतलेली प्रत्येक बाटली तिला त्या जिन्यावर आणखी एक महिना उभी ठेवते. त्यापेक्षां कागद-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावें, आणि वर्षभरांत काय गेलें व काय आलें याची पट्टी तिच्याच हातानें मांडवावी. मग सांगावें कीं, माल नको, तूं मात्र येत जा. हें बोलणें अवघड आहे. पण ज्याला आप्त म्हणवून घ्यावयाचें आहे त्यानें बोलावयाचें तें हेंच.